पत वऱ्हाडच्या बाजाराची

भुसावळ मागे टाकून नागपूरकडे निघालेली गाडी मलकापूर ओलांडते, तेव्हा खिडकीबाहेरच्या मातीचा रंग गडद होत जातो. पूर्णेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन म्हणजे वऱ्हाड. दिवाळीनंतरच्या दिवसांत रुळांच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी दिसते. कापसाने फुगलेली वाहने जिनिंगकडे निघालेली असतात आणि वाटेतल्या बाभळींच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके त्यांचा मार्ग सांगत राहतात. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्थानके यात्रेकरूंच्या ओळखीची आहेत. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेली कुटुंबे अकोल्यास उतरतात. मुक्तागिरीला जाणारी बडनेरा-अमरावतीवरून परतवाड्याची वाट धरतात. या यात्रामार्गाला लागूनच वऱ्हाडचा आणखी एक जुना मार्ग जातो. तो बाजाराचा मार्ग होय, आणि धर्माचे प्रश्न त्याही वाटेवर भेटतात.

अकोला हे कापसाचे आणि डाळीचे गाव. येथील तुरीच्या भावावर दूरदूरच्या व्यापाऱ्यांचे लक्ष असते. डाळमिल, जिनिंग, किराणा, कापड आणि सराफी या व्यवसायांत जैन कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून आहेत. बघेरवाल, सैतवाल, खंडेलवाल, ओसवाल, कच्छी अशा निरनिराळ्या ज्ञातींतून आणि निरनिराळ्या प्रांतांतून ती आली आणि वऱ्हाडी बोलीत रुळून गेली. त्यांच्या जुन्या दुकानांत आजही एक दृश्य सहज आढळते. गादीवर टेकून बसलेले वडील वहीत नोंद करीत असतात; पलीकडे मुलगा किंवा सून नव्या मालाचे छायाचित्र काढून ते फोनवरून गिऱ्हाइकांना पाठवीत असते. ‘आपला माल बोलतो, आपण कशाला बोलायचे?’ असे वडिलांचे मत असते. माल दुकानात बसून बोलला तरी तो ऐकायला आता रस्त्यावर थांबते कोण, असा पुढच्या पिढीचा प्रश्न असतो. दोघांचेही खरे असते, आणि म्हणूनच हा वाद लवकर मिटत नाही.

वडिलांच्या संकोचामागे केवळ जुनेपणा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीच गोत्रकर्माच्या आस्रवाची कारणे सांगताना परनिंदा आणि आत्मप्रशंसा यांचा प्रथम उल्लेख येतो; दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे आणि आपले नसलेले गुण मिरविणे हीही त्याच मालिकेत मोजली आहेत. ज्या घरात हे संस्कार आहेत, त्या घरातील माणसाला ‘सर्वांत उत्तम, सर्वांत स्वस्त’ अशी पाटी दारावर लावताना हात अडखळला तर नवल नाही. मात्र गप्प बसणाऱ्या दुकानाची पायरी हळूहळू ओस पडते, हेही प्रत्यक्ष दिसते. मग सत्य आणि अचौर्य यांना धक्का न लावता व्यापाऱ्याने आपली ओळख जगापुढे कशी मांडावी? या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडला फार बाहेर शोधावे लागत नाही. त्याच्या कापसाच्या इतिहासातच ते आहे.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जात असे. पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने 1825-26 च्या सुमारास येथील कापूस मुंबईकडे पाठविण्यास आरंभ केला. 1842 मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे भरेल इतका कापूस खुष्कीच्या मार्गाने कलकत्त्यास धाडल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. एवढ्या प्रचंड तांड्याला वाटेत चारा, पाणी, राखण आणि उधार लागणार, आणि ते सारे अनोळखी मुलखात मिळवायचे तर व्यापाऱ्याच्या नावावर लोकांचा विश्वास हवा. हुंडी पटत असे ती नावावर. त्या काळात पत हीच जाहिरात होती आणि ती माणसाच्या आधी पुढच्या मुक्कामाला पोहोचत असे.

पुढे गावाचेच नाव मालाला लागले. अमरावतीचा जुना उच्चार उमरावती. त्यावरून मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरा’ या नावाने ओळखला जाऊ लागला. ज्याने अमरावती कधी नकाशावरही पाहिली नव्हती, असा इंग्लंडमधला दलाल ऊमराचा भाव विचारीत असे. आज ज्याला ब्रँड म्हणतात, ते वऱ्हाडच्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला असे आयतेच मिळाले.

आयते मिळालेले नाव सांभाळणे मात्र कठीण गेले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले. भाव चढले तशी लबाडीही वाढली. वजन वाढविण्यासाठी रुईवर पाणी शिंपडणे, सरकी व माती मिसळणे, चांगल्या थराखाली हलका माल दडपणे असे प्रकार सर्रास चालू झाले. मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातील फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले. मागे उरली ती हिंदुस्थानी कापसाची बदनामी. तेजीच्या चार वर्षांत मिळविलेला पैसा पुष्कळांच्या हातून गेला. गेलेले नाव परत मिळवायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

याच काळात वऱ्हाडची भौतिक परिस्थितीही बदलली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. तो अकोल्यावरून गेला, परंतु अमरावती शहर त्याच्या वाटेवर आले नाही. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा जोडून घ्यावा लागला. खामगावलाही जलंबहून तसाच फाटा मिळाला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते तेथील मार्गाचे व कापूसबाजाराचे उद्घाटन झाले. तारयंत्रामुळे परदेशचा भाव काही तासांत वऱ्हाडात कळू लागला. व्होल्कार्ट, राली यांसारख्या परदेशी पेढ्यांची माणसे थेट येथे येऊन खरेदी करू लागली. बैलांच्या तांड्यावर उभा असलेला व्यापार एका पिढीत रुळांवर आणि तारांवर गेला. ज्यांनी नवी वाट ओळखली त्यांच्या पेढ्या टिकल्या. आज मोबाइल आणि घरपोच खरेदीमुळे भांबावलेल्या दुकानदाराच्या पणजोबांनी यापेक्षा लहान उलथापालथ पाहिली नव्हती.

तरीही ऊमराचा दोष केवळ भेसळीत नव्हता. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा तलम, लांब धाग्याचा कापूस होत असे आणि ‘जरी’ नावाचा जाडाभरडाही होत असे. जरीचे पीक अधिक, तिच्यात रुईचा उताराही अधिक. बनीच्या तलमपणाला बाजारात त्या मानाने भाव मिळेना. सारा माल एकाच नावाखाली, एकाच ढिगात जाऊ लागला, तेव्हा शेतकऱ्याने जरी पेरली. त्याचे गणित चुकीचे नव्हते. चांगल्या मालाची वेगळी ओळख ठेवली नाही तर चांगला माल पिकविणाराही उरत नाही. ‘माल आपोआप बोलतो’ या समजुतीची मर्यादा येथे दिसते. ढिगात पडलेला माल बोलत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी खरे बोलावे लागते.

हे खरे बोलण्याची व्यवस्था कशी उभी राहिली, ते पाहण्यासाठी मूर्तिजापूरला मुख्य मार्ग सोडून दक्षिणेकडे वळावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस वाहण्यासाठी टाकलेल्या अरुंद रुळांवरून येथून यवतमाळकडे ‘शकुंतला’ गाडी जात असे. ती आता धावत नाही. रस्त्याने कारंजा गाठावे लागते. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे, 1998 पूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. दत्तभक्तांसाठी ते नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. जैन समाजासाठी बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक परंपरांच्या मंदिरांचे आणि ग्रंथभांडारांचे गाव. 1918 मध्ये येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि समंतभद्र महाराजांच्या गुरुकुल-परंपरेचा पाया घातला गेला.

कारंज्यात कस्तुरीच्या हवेलीची आख्यायिका सांगतात. उंटांवर कस्तुरी लादून एक व्यापारी गावोगाव हिंडत होता. सारा माल एकदम घेणारा कुणीच भेटेना. कारंज्यात एका जैन श्रेष्ठींच्या हवेलीचे बांधकाम चालले होते. त्यांनी सगळी कस्तुरी विकत घेतली आणि ती भिंतींच्या चिखलात मिसळायला लावली. या कथेत इतिहास किती आणि कल्पना किती, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा. पण गावाने ही कथा शतकानुशतके जपली, यातच तिचा अर्थ आहे. ‘या गावात आलेला माल परत जात नाही’ एवढे एक वाक्य ती दूरच्या व्यापाऱ्याला सांगत होती. एखाद्या बाजारपेठेने आपल्याविषयी यापेक्षा नेमके काय सांगावे?

याच कारंज्यात 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हिंदुस्थानातील असा हा पहिलाच बाजार. त्या अनुभवातून पुढे 1897 मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला आणि इतर प्रांतांनी नंतर त्याचा कित्ता गिरविला. अडते आणि मापारी यांना परवाना, वजनकाट्यांची तपासणी आणि बाजारावर देखरेख करणारी समिती, हे त्या व्यवस्थेचे मुख्य भाग. पूर्वी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून गुपचूप भाव ठरत. शेतकरी शेजारी उभा असूनही त्याला स्वतःच्या मालाचा भाव कळत नसे. आता व्यवहार उघड्यावर येऊ लागला. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. समित्यांत व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते आणि शेतकऱ्याचा आवाज पुष्कळ काळ क्षीण राहिला. तरी एक गोष्ट पक्की झाली: वजन सर्वांसमोर झाले की बाजाराचे नाव आपोआप होते.

कायद्याने जे 1897 मध्ये लिहिले, ते जैन गृहस्थाला नवे नव्हते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ म्हणजे कमीजास्त मापे वापरणे, आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे खऱ्या मालात खोटा मिसळणे, यांची गणना फार पूर्वीच झाली आहे. भेसळ करणारा चोरीच करतो, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून आपले माप दाखविणे, मालाची प्रत सांगणे, भाव लिहून ठेवणे ही आत्मप्रशंसा ठरत नाही. नसलेले गुण सांगणे वर्ज्य आहे. असलेले गुण पुराव्यासह दाखविणे वर्ज्य नाही. घरातल्या पित्यापुत्रांच्या वादावर कारंज्याने काढलेला हा तोडगा आहे.

मूर्तिजापूरला परतून बडनेऱ्यावरून अमरावतीत शिरले की हाच विचार दुसऱ्या एका क्षेत्रात दिसतो. कारंज्याच्या भांडारांतील हस्तलिखिते शतकानुशतके वेष्टनांत बांधलेली होती. प्रा. हिरालाल जैन यांनी त्या भांडारांचा अभ्यास केला आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्ये प्रकाशात येऊ लागली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात अध्यापन करीत असताना त्यांनी षट्खंडागमाच्या धवला टीकेचे संपादन हाती घेतले. विदिशेचे श्रीमंत सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून निधी उभा राहिला आणि 1939 मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरचे जे ज्ञान लोक दुरून केवळ वंदन करण्यापुरते पाहत, ते वाचकाच्या हाती आले. त्या विद्वानांनी आपला गाजावाजा केला नाही. वेष्टन मात्र सोडले. जे अमोल आहे ते बांधून ठेवल्याने त्याचे मोल वाढत नाही, हे त्यांनी कृतीने दाखविले.

अमरावतीचा जुना परकोट आजही जवाहर गेटाजवळ उभा आहे. पेंढाऱ्यांपासून येथील धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने 1807 मध्ये तो बांधावयास घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, पाच वेशी आणि चार खिडक्या. तो काळ धन लपविण्याचा होता. बाजार भिंतीच्या आत होता. नंतर बाजार वेशीबाहेर आला, रेल्वेच्या फाट्याकडे सरकला. आता नागपूर महामार्गालगत बिझीलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँड अशी घाऊक कापडाची विस्तीर्ण संकुले उभी आहेत. लग्नसराईत तेथे वऱ्हाडच्या लहान गावांतील दुकानदारांची रीघ लागते. थोडे पुढे नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत; अमरावतीसाठी मंजूर झालेल्या एक हजार एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी 20 सप्टेंबर 2024 रोजी झाली. 16 एप्रिल 2025 पासून बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवाही सुरू झाली. भिंत, वेस, फाटा, महामार्ग, आणि आता तळहातावरचा पडदा, असा हा दोनशे वर्षांचा प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर दुकान थोडे अधिक उघडे झाले.

मधल्या काळातील एक धक्का जुन्या पेढ्या अजून विसरलेल्या नाहीत. 1972 मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि कापसाची खाजगी खरेदी थांबली. ज्यांची सारी ओळख ‘कापसाचे अडते’ एवढीच होती, त्यांच्या दारावरची पाटी एका हंगामात निरर्थक झाली. 2002 नंतर खाजगी खरेदीची वाट पुन्हा मोकळी झाली, तोपर्यंत एक पिढी सरली होती. अशा वेळी डाळमिल, तेल, कापड, औषधे यांकडे वळणाऱ्या माणसाजवळ भांडवलाइतकीच मोलाची एक वस्तू असे. ‘यांचा शब्द खरा असतो’ ही ती ओळख. व्यवसाय बदलला तरी ती बरोबर नेता येत असे. आणि जिची पत गेली होती, त्या पेढीला नव्या व्यवसायातही उधार मिळत नसे.

आजच्या धंद्याला हाच धडा लागू पडतो. 2017 चा वस्तू व सेवा कर, 2020 ची टाळेबंदी आणि घरबसल्या खरेदीची सवय यांनी लहान दुकानदाराची परीक्षा पाहिली आहे. मोठ्या कंपनीएवढा जाहिरातीचा खर्च त्याला झेपणार नाही. पण त्याच्याजवळ असे काही आहे जे दूरच्या गोदामाजवळ नाही: तो गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. डाळ कोणत्या हंगामाची आहे, साडीचा धागा शुद्ध आहे की मिश्र, धुतल्यावर रंग किती टिकेल, हे त्याने आपणहून सांगावे. फोनवर पाठविलेल्या छायाचित्रातला रंग आणि हातात पडणाऱ्या कापडाचा रंग एकच असावा. भाव लिहिलेला असावा आणि तो ओळख पाहून बदलू नये. दाग निघाला, माल कमी भरला, तर तक्रार लपविण्याऐवजी चूक कबूल करून भरपाई करावी. पर्युषणानंतर ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचा ज्यांचा कुलाचार आहे, त्यांना गिऱ्हाइकाची क्षमा मागणे जड जाण्याचे कारण नाही. आणि शेजारच्या दुकानाची निंदा करून आपला माल खपवू नये. ती वाट जवळची दिसते. पण एका गावात राहणाऱ्यांना ती फार दूरवर नेत नाही.

कापसाची कथाही याच दिशेने वळत आहे. 7 ऑक्टोबर 2020 रोजी, जागतिक कापूस दिनी, भारतीय कापसाला स्वतःचे नाव आणि चिन्ह देण्यात आले. गाठीवरच्या क्यूआर कोडावरून ती कोठे जिनिंग झाली, तिची प्रत काय, हे खरेदीदाराला कळावे अशी त्यामागची योजना आहे. दीडशे वर्षांपूर्वी ऊमराच्या ढिगात बनीची ओळख हरवली होती. आता प्रत्येक गाठीने आपली ओळख स्वतः सांगावी असा हा प्रयत्न. त्या नाममुद्रेसाठी निवडलेला शब्द आहे ‘कस्तुरी’. कारंज्याच्या आख्यायिकेशी त्याचा संबंध असेलच असे नाही, परंतु वऱ्हाडच्या माणसाला तो शब्द ऐकताच ती हवेली आठवावी हे स्वाभाविक आहे. मात्र क्यूआर कोड हाही शेवटी कागदाचा तुकडाच. त्यामागची नोंद खरी असली तरच तो कामाचा, नाहीतर तीही नव्या युगातली शिंपडलेली रुई.

दिवाळीच्या पाडव्याला, वीर निर्वाण संवत् बदलते तेव्हा, अकोल्या-अमरावतीच्या पेढ्यांत वहीपूजन होते. अनेक ठिकाणी आता वहीशेजारी संगणकही असतो. कुंकवाचे बोट दोहोंना लागते. वडील पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात, त्या क्रमाने. पुढची पिढी त्याच दिवशी नव्या वर्षाच्या शुभेच्छा आणि नव्या मालाची छायाचित्रे शेकडो गिऱ्हाइकांना पाठविते. एकाच छपराखालची ही दोन कामे परस्परांच्या विरोधात नाहीत. जे पाठविले जाते ते वहीतल्या नोंदीइतकेच खरे असले, तर पाठविणाऱ्याचा हात अडखळण्याचे कारण उरत नाही. बाहेर बाजारात तोवर काटे लागलेले असतात, कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असतात, आणि पहिल्या गाडीचे वजन सर्वांसमोर मोठ्याने पुकारले जाते.